सात ताटांचं रात्रीचं जेवण

अस्रची नमाज आटोपली की यावलमधल्या बहुतेक घरांत बाईच्या मनात एकच विचार सुरू होतो : आज रात्री काय करायचं? दुपारचं कसंही निभतं. पुरुष डबा घेऊन कामावर गेलेले असतात, मुलं शाळेत खिचडी खातात, घरातल्या बायका सकाळच्या भाजीवर भागवतात. रात्री मात्र सगळं घर एकत्र जेवतं. दमून आलेल्याला गरम हवं असतं, मुलांना चवीचं हवं असतं आणि जिच्या हातात पिठाचा डबा असतो तिला तो महिनाअखेरपर्यंत पुरवायचा असतो. मगरिब आणि इशा यांच्यामधला तास-सव्वा तास, एवढीच तिची वेळ.

कमी खर्चात झटपट होणाऱ्या पदार्थांच्या कृती आता मोबाईलवर हव्या तेवढ्या मिळतात. मीही या लेखात काही सांगणार आहे. पण त्याआधी एक हिशेब मांडायचा आहे. घरात पैसे कमी पडतात तेव्हा स्वयंपाकात नेमकं काय कमी होतं आणि ते कुणाच्या वाट्याचं असतं, याचा तो हिशेब आहे.

आमच्या घरात सात ताटं : सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि माझी दोन मुलं. दोघे पुरुष केळीच्या कामावर. दीर कटाईला जातात, हे गाड्या भरण्याच्या कामावर असतात. माल निघाला की महिनाभर उसंत नसते. उन्हाळ्याच्या शेवटी वादळ आलं आणि बागा आडव्या झाल्या की आठ-आठ दिवस घरी बसावं लागतं. पैसा येतो आठवड्याला, तोही कधी येतो कधी नाही. भूक रोजच्या रोज लागते. यावल, फैजपूर, सावदा, रावेर या सगळ्या पट्ट्यात अशी शेकडो घरं आहेत. त्यामुळे मी सांगते ते वाचकांपैकी पुष्कळांना ओळखीचं वाटेल.

अशा घरात ओढाताण सुरू झाली की आधी मटण बंद होतं. मग दूध कमी होतं, मग फळं. इथपर्यंत सगळ्यांना दिसतं. त्यापुढचं कुणाला दिसत नाही. आधी पुरुष आणि मुलं जेवतात, मग म्हाताऱ्या माणसांचं होतं आणि शेवटी सुना बसतात. तोवर डाळीच्या पातेल्यात वरचं पाणी राहिलेलं असतं. अंड्याच्या सालनात अंडं नसतं, मसाला असतो. त्याला भाकरी पुसून ती जेवते आणि पातेलं घासायला घेते. घराचे पैसे वाचलेले असतात. ते कुणाच्या ताटातून वाचले हे कुणी विचारत नाही आणि तीही सांगत नाही, कारण आपल्याकडे अशा बाईला काटकसरी म्हणून नावाजतात.

दोन वर्षांपूर्वी माझ्या जावेला दिवस गेले. चौथ्या महिन्यात रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ८ भरलं. गरोदर बाईचं ते निदान ११ तरी असावं लागतं. डॉक्टरबाईंनी तिला विचारलं, "रात्री काय जेवतेस?" ती अगदी सहज म्हणाली, "जे उरेल ते."

सासूबाई शेजारीच बसल्या होत्या. तिथे त्या काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी घरी त्यांनी स्वतः दस्तरखान अंथरला, सातही ताटं मांडली आणि पळी हातात घेतली. "आधी सातही ताटांत वाढायचं, मग सगळ्यांनी बिस्मिल्लाह करायची. कमी पडलं तर सगळ्यांना कमी पडू द्या," एवढंच म्हणाल्या. घरात त्यांच्यापुढे बोलायची कुणाची टाप नाही. त्या दिवसापासून आमच्याकडे ताटं अशीच मांडली जातात.

माझी जाऊ काही एकटी नव्हती. २०१९-२१ मध्ये झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांपैकी ५७ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी असल्याचं आढळलं होतं. लोहाच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि त्या घ्यायलाच हव्यात. पण वर्षानुवर्षं उरलेलं खाणाऱ्या बाईला नुसती गोळी कुठवर पुरणार?

काही जण म्हणतात, बाईने सबर करावा, त्यातच बरकत आहे. सबर मोठी गोष्ट आहेच. पण आपल्या दीनने घरच्या जेवणाबद्दल काय शिकवलं तेही पाहावं. सूरह अल-आराफच्या एकतिसाव्या आयतीत उधळपट्टीची मनाई आहे, पण त्याच वाक्यात खाण्यापिण्याचा हुकूम आधी आला आहे. दोघांचं जेवण तिघांना पुरतं आणि तिघांचं चौघांना, ही हदीस बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे. तिचा अर्थ आपण फक्त थोडक्यात भागवण्यापुरता घेतो. पण दोघांचं तिघांना पुरतं ते तिघं एकत्र बसून वाटून खातात म्हणून. दोघांनी जेवून तिसऱ्यापुढे रिकामं पातेलं सरकवलं तर ते कसं पुरेल? आणि हजरत साद बिन अबी वक्कास (रजि.) यांना रसूलुल्लाह (स.) यांनी सांगितलं होतं की अल्लाहच्या खुशीसाठी केलेल्या प्रत्येक खर्चाचा सवाब आहे, बायकोच्या तोंडात घातलेल्या घासाचासुद्धा. त्या घासाची आठवण आपल्या बयानांत जरा कमीच निघते.

सातही ताटांत सारखं वाढायचं ठरल्यावर पहिली अडचण आली ती मटणाची. अर्धा किलो मटण आणलं तर सात जणांत दोन-दोन बोट्या येतात. पूर्वी त्या दोन-दोन कधीच येत नसत; कुणाला चार, कुणाला नुसता रस्सा. तेवढ्याच पैशांत दोन किलो तूरडाळ येते आणि ती आम्हाला आठ-दहा रात्री जाते. हे गणित आपल्या घरांत सगळ्यांना माहीत असतं. पण पाहुण्यापुढे डाळ ठेवायची म्हटली की मान खाली जाते, मग उधारीच्या वहीत आकडा वाढवून मटण आणलं जातं. एकदा रसूलुल्लाह (स.) यांनी घरी सालन मागितलं. घरात सिरक्याशिवाय काही नव्हतं. त्यांनी तो मागवला आणि त्याची तारीफ करत त्याच्याबरोबर भाकर खाल्ली. सहीह मुस्लिममधली ही गोष्ट मी मुलांना सांगते तेव्हा यांच्याही कानावर जाईल अशा बेताने सांगते.

डाळ म्हटल्यावर रोज तेच पिवळं वरण करायचं असं नाही. आपण खान्देशात राहतो. डाळ, ज्वारी आणि वांग्याचे जेवढे प्रकार इथल्या बायकांनी काढले आहेत तेवढे दुसरीकडे क्वचितच सापडतील. आपल्या तडवी, पिंजारी, मण्यार घरांत हे पदार्थ पूर्वीपासून होते. मधल्या काळात ते गरिबीची खूण वाटू लागले, म्हणून मागे पडले.

सगळ्यांत आधी कळणा. चार किलो दादर ज्वारीला एक किलो सालीसकट काळे उडीद, मूठभर मेथीदाणे आणि मीठ, असं एकत्र दळून आणायचं. ज्वारीच्या प्रथिनांत जे उणं असतं ते उडीद भरून काढतो. त्यामुळे एखाद्या रात्री भाजी थोडी असली तरी भाकरीतूनच ताकद मिळते. उडदाच्या चिकटपणामुळे पीठ जुळून येतं, नवशिक्या सुनेलाही भाकरी थापता येते. गरम कळण्याची भाकरी, हिरव्या मिरचीचा ठेचा, त्यावर थोडं शेंगदाण्याचं तेल आणि बुक्कीने फोडलेला कांदा : एवढ्यावर जेवण होतं.

थंडीत कळण्याबरोबर भरीत. आपल्या तालुक्यातलं बामणोद भरिताच्या वांग्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि जळगावच्या भरिताच्या वांग्याला भौगोलिक मानांकनही मिळालेलं आहे. हिरवट-पांढरी, मोठी, कमी बियांची ही वांगी दोन-तीन आणली की सात जणांचं भागतं. पऱ्हाट्यांवर भाजली तर त्या धुराची चव उतरते. गॅसवर भाजली तरी चालतात. भाजलेल्या मिरच्या आणि लसूण कुटून घ्यायचा, गर त्यात ठेचायचा, वरून कांद्याची पात, कोथिंबीर आणि शेंगदाणे घालायचे. शेंगदाण्याला हात आखडता घेऊ नका, कारण वांग्यात नसलेलं बळ त्यातून येतं. आमच्या लेवा पाटील शेजारणीकडून दर हिवाळ्यात वांगी येतात आणि ईदला आमच्याकडून शीरखुर्मा जातो.

फुनके मात्र माझ्या सगळ्यांत आवडीचे, कारण ते मोजता येतात. जोहरनंतर तीन वाट्या तूरडाळ भिजत घालायची. मगरिबच्या सुमाराला पाणी काढून लसूण, जिरं, हिरवी मिरची घालून ती जाडसर वाटायची, त्यात चिरलेली मेथी किंवा कांदा, हळद, मीठ आणि कोथिंबीर मिसळायची. मुठीने लांबट आकार देऊन चाळणीत ठेवायचे आणि वीस मिनिटं वाफवायचे. तोवर दुसऱ्या शेगडीवर आंबट ताकाची कढी होते. तेल जवळजवळ लागतच नाही. एकवीस फुनके केले की प्रत्येकाच्या वाट्याला तीन येतात. भांडण नाही, तक्रार नाही. कढीत कुस्करून, वर लसणाच्या फोडणीचं चमचाभर तेल घालून खायचे.

खिचडी तर आठवड्यातून दोनदा होतेच. जानेवारी २०२३ पासून रेशनचं धान्य मोफत झालं आहे, प्राधान्य कुटुंबाला माणशी पाच किलो. त्यातला तांदूळ खिचडीला चांगला लागतो. दोन वाट्या तांदळाला एक वाटी तूरडाळ, हे प्रमाण मात्र सोडू नये. महागाई वाढली की डाळ मुठीमुठीने कमी होत जाते आणि खिचडीचा नुसता पिवळा भात उरतो. डाळ-तांदूळ अर्धा तास भिजवून ठेवले तर कुकरला गॅस कमी लागतो. सोबत पापड, कांदा आणि ताक.

केळीच्या गावात कच्चं केळं विकत घ्यावं लागत नाही. कटाईच्या वेळी सुटलेली एखादी फणी घरी येतेच. सालीसकट केळी आणि भिजवलेली हरभऱ्याची डाळ कुकरमध्ये वेगवेगळ्या भांड्यांत उकडायची. साल काढून केळी कुस्करायची, डाळ ठेचून त्यात घालायची. कांदा, पुदिना, आलं-लसूण, गरम मसाला घालून चपट्या टिक्क्या तव्यावर थोड्या तेलात भाजायच्या. शामी कबाबची हौस पुष्कळशी भागते. माझा मुलगा तर त्यांना केळीचे कबाबच म्हणतो. डाळ निम्म्याला निम्मी ठेवावी, म्हणजे टिक्की फुटत नाही आणि पोटालाही आधार होतो.

जुम्याला दालचा. पाव किलो हाडं, दीड वाटी हरभऱ्याची डाळ आणि एक मोठा दुधी. हाडांचा स्वाद सगळ्या डाळीत उतरतो, त्यामुळे कुणाच्या ताटात बोटी आली आणि कुणाच्या नाही याचं फारसं वाटत नाही. रसूलुल्लाह (स.) यांना दुधी आवडत असे, ते भांड्याच्या कडेकडेच्या फोडी शोधून खात, असं हजरत अनस (रजि.) यांनी सांगितलं आहे. मुलं दुधीला नाक मुरडतात तेव्हा ही आठवण कामी येते.

अवेळी पाहुणा आला तर शेवभाजी. भाजलेला कांदा आणि सुकं खोबरं, लसूण, काळा मसाला यांचा झणझणीत रस्सा उकळायचा आणि जाड तिखट शेव वाढताना त्यात सोडायची. वाटण तयार असेल तर पंधरा मिनिटांचं काम. म्हणून मी कांदा-खोबरं आठवड्यातून एकदा भरपूर भाजून ठेवते. त्याच वाटणात सात उकडलेली अंडी सोडली की दुसऱ्या रात्रीचं सालन होतं. सात-आठ रुपयांना एक अंडं मिळतं, ते प्रत्येकाला अख्खं मिळावं. अंडी पाच असतील तर मी ती फेटून कांद्यात परतते. पाच अख्खी अंडी सातांत वाटायला गेलं की ती कुणाला मिळणार नाहीत हे सगळ्यांना ठाऊक असतं.

आणखी दोन साध्या गोष्टी डॉक्टरबाईंनी सांगितल्या होत्या. अंबाडी, मेथी, पोकळा अशी पालेभाजी केली की वर लिंबू पिळावं, त्याने भाजीतलं लोह अंगी लागतं. अंबाडी मुळातच आंबट, तरी पिळावं. आणि जेवणावर लगेच चहा घेऊ नये, तो लोह अंगी लागू देत नाही. पहिली गोष्ट आमच्या घरात लगेच रुळली, दुसरीला सहा महिने लागले.

एवढं सगळं एकट्या बाईने तास-सव्वा तासात करायचं म्हटलं तर ते होत नाही, झालं तरी ती जेवायला थकून बसते. रसूलुल्लाह (स.) घरात असताना घरच्यांच्या कामात हात लावत आणि नमाजची वेळ झाली की निघत, असं हजरत आयेशा (रजि.) यांनी सांगितलं आहे. आमच्याकडे अकरा वर्षांचा मुलगा लसूण सोलतो, ताटं मांडतो आणि जेवणानंतर दस्तरखान झाडतो. मुलगी कढी फुटू नये म्हणून ढवळत उभी राहते. दीर कांदा चिरतात. सुरुवातीला ते दार लावून चिरत, आता अंगणात बसून चिरतात.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यात वादळ झालं आणि बारा दिवस दोघांनाही काम नव्हतं. त्यातल्या एका रात्री पीठ कमी निघालं. सासूबाईंनी नेहमीसारखं सगळ्यांना सारखं वाढलं आणि प्रत्येकाच्या वाट्याला दीड भाकरी आली. यांनी भाकरीसाठी हात पुढे केला तर टोपली रिकामी. त्यांनी एकदा माझ्या ताटाकडे पाहिलं, एकदा जावेच्या. दोघींच्या ताटांतही दीडच होती. पूर्वी अशा रात्री पुरुषांना तीन-तीन भाकरी मिळत आणि घरात पीठ संपत आल्याचं त्यांना कळतही नसे. उणं आमच्या दोघींच्या पोटात जिरून जायचं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी काही सांगितलं नाही. पण काम सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्याचे पैसे दिले तेव्हा ते नेहमीपेक्षा जास्त होते. टपरीवरचा चहा आणि तंबाखूची पुडी बंद केल्याचं दिरांकडून कळलं. त्या पैशांत आमची आठवड्याची अंडी येतात. मी कितीही काटकसर केली असती, पातेलं कितीही पुसून खाल्लं असतं, तरी ते पैसे मला सापडले नसते. कारण ते स्वयंपाकघरात नव्हतेच.

जावेचं हिमोग्लोबिन नवव्या महिन्यात १०.४ झालं. गोळ्यांचा त्यात मोठा भाग आहे, पण डाळीचा, अंड्यांचा आणि वेळेवर बसून जेवण्याचाही आहे. अल्हम्दुलिल्लाह, मुलगी झाली. आता ती वर्ष-सव्वा वर्षाची आहे आणि कढीत कुस्करलेला फुनका आवडीने खाते. आमच्याकडे आठवं ताट मांडायला लागलं आहे, म्हणून एकविसाच्या जागी बावीस फुनके होतात.

हे मासिक घरातले पुरुषही वाचतात. त्यांच्यासाठी शेवटी एवढंच. आज रात्री घास घेण्याआधी "तू जेवलीस का?" असं विचारू नका, त्याचं उत्तर "हो" असंच येतं. तिचं ताट मांडलं आहे का ते पाहा, आणि तुमच्या वाटीत जेवढी डाळ आहे तेवढी तिच्या वाटीत आहे का तेही पाहा. नसेल तर आपल्या वाटीतली थोडी तिकडे घाला. खर्च एका पैशाचा नाही, आणि त्या घासाच्या सवाबाचं वचन आपल्याला मिळालेलं आहे.